पुढल्या दाराची कडी

१९ जून १९८३

पोहोचलो! मॉरिशसहून मुंबई विमानाने, मुंबईहून नाशिक रोड रेल्वेने आणि तेथून शहरात बसने. बसवर मराठी पाटी, दुकानांवर मराठी पाट्या, वाहकाची शिवीसुद्धा मराठी. आमच्या बेटावर मराठी ही देवळात आणि संध्याकाळच्या वर्गात जपून ठेवायची भाषा आहे. येथे ती कांदे विकते, भांडते, तिकिटे फाडते. मला इतका आनंद झाला की मी वाहकाचे मनःपूर्वक आभार मानले. तो माझ्याकडे संशयाने पाहत राहिला.

ही वही मी दोन हेतूंनी सुरू करीत आहे. आईला लिहायच्या पत्रांसाठी तपशील हाताशी राहावेत, हा एक. माझ्यामागून आमच्याकडचे जे विद्यार्थी येतील त्यांना येथील व्यवहाराची आगाऊ कल्पना यावी, हा दुसरा. कॅस्कॅव्हेल या माझ्या गावी मी चार वर्षे बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या मराठी शाळेत, शिकवले आहे. गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय मला ती स्वतःला समजल्यासारखी वाटत नाही.

ती बैठक आई चालवते. वडील गेल्यापासून तीच चालवते. दोन वर्षांत एम. ए. करून मी परतायचे आणि बैठक माझ्या हाती घ्यायची, असे ठरले आहे. विमानतळावर ती एकच वाक्य बोलली: तिथे शीक, पण तिथला होऊन राहू नकोस. मग नेहमीप्रमाणे मला 'मो ती-देव' म्हणाली. आमच्या क्रिओल बोलीत याचा अर्थ 'माझा छोटा देव'. मी चोवीस वर्षांचा आहे, हे तिला मान्य नाही. माघात आमच्या देवळाचा जथा महाराष्ट्रात दर्शनाला येणार आहे. त्यात आई असेल. तिला गोदावरीवर मी स्वतः नेणार आहे.

२१ जून

अडचणी क्रमाने नोंदवतो.

प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला पोलिसांकडे नोंदणी करावी लागते. तेथील साहेबांनी माझे नाव दोनदा वाचले आणि शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाले, नाव देवानंद भिवाजी, बोलतो पोथी वाचल्यासारखा, आणि म्हणे फॉरेनर! मी त्यांना समजावले की भिवाजी हे माझ्या पणजोबांचे नाव. बोटीवरून उतरताना गोऱ्या कारकुनाने तेच आडनाव म्हणून लिहिले. साहेबांनी चहा मागवला.

खरी अडचण महाविद्यालयात आली. वसतिगृह भरलेले आहे. शिवाय परदेशी विद्यार्थ्याला स्थानिक पालक हवा, म्हणजे त्याची जबाबदारी घेणारा, शहरात राहणारा गृहस्थ. मी येथे कोणालाही ओळखत नाही. कचेरीतले लिपिक रावजी यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले, वय विचारले, समुद्रापलीकडूनच आलात ना, हेही विचारले, आणि म्हणाले की माणूस आहे. पुंजारामशेठ. पिंपळगाव बसवंतला द्राक्षे-कांद्याचा व्यापार, इंदिरानगरच्या बाजूला मळ्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा बंगला, घरात नवराबायको दोघेच. खोली देतील, जेवण देतील, पालक म्हणून सहीही करतील.

इतक्या सहजपणे प्रश्न सुटतो, तेव्हा माझ्यातला शिक्षक सावध होतो. पण पर्याय नव्हता.

२४ जून

आजचा दिवस सविस्तर लिहिण्याजोगा आहे, कारण आमच्याकडे लोप पावलेली एक चाल मला येथे जिवंत आढळली.

मला पुढच्या दाराने घरात घेतले नाही. पुंजारामशेठ मला बंगल्याला वळसा घालून, गोठ्याजवळून मागच्या अंगणात घेऊन गेले. तेथे गुऱ्हाळावर असते तशी पसरट काहील कोमट पाण्याने भरली होती आणि पाण्यावर तूप तरंगत होते. गुरुजींनी मला पंचा नेसवून, चष्मा काढायला लावून त्यात बसवले: गुडघे पोटाशी, मुठी मिटलेल्या, तोंडातून शब्द काढायचा नाही. शेठ म्हणाले, समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला आमच्यात असंच घरात घेतात. मला पटले. सागरप्रवासाचे प्रायश्चित्त असे, हे मी वाचले होते. ते प्रत्यक्ष पाहायला, किंबहुना त्यात बसायला मिळेल, अशी कल्पना नव्हती.

नंतर सोन्याच्या अंगठीने जिभेवर मध-तूप लावले. शेठच्या बहिणीने, कुसाबाईंनी, माझ्या कानात 'बहिरू' असे तीनदा म्हटले आणि बायकांनी हसत हसत त्यांच्या पाठीत धपाटे घातले. हे तर बारसे! मी विचारले, तेव्हा कुसाबाई म्हणाल्या, घरातलं नाव असावं बाबा माणसाला, परकं वाटत नाय मंग. परक्याला आपलेसे करण्याची किती सुंदर, किती विचारपूर्वक रचलेली रीत!

शेठच्या पत्नी चंद्रभागाबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या माझी मिटलेली मूठ उघडून तळहात पाहत होत्या.

१० जुलै

मागून येणाऱ्यांसाठी: नळाला पाणी पहाटे येते, ते भरून ठेवावे. तिखट हळूहळू वाढवावे, पहिल्याच दिवशी धाडस करू नये. रॉकेलच्या रांगेत गप्पा मारल्यास भाषा लवकर सुधारते. घराची आठवण बहुधा जेवताना येते. तेव्हा भात जास्त घ्यावा.

मी चंद्रभागाबाईंना काकू म्हणतो. 'आई' हा शब्द मी एकाच व्यक्तीसाठी राखून ठेवला आहे. त्यांना ते रुचलेले दिसत नाही. जेवायला वाढताना त्या म्हणतात, लय वाळला रे तू, तिकडं खायला घालत नव्हते का? तिकडे म्हणजे मॉरिशसला, असे धरून मी त्यांना माझ्या आईच्या पाककौशल्याचे सविस्तर वर्णन ऐकवले. त्या मध्येच उठून गेल्या.

माझा निळा सदरा काढून ठेवून कपाटातले सदरे मला दिले आहेत. लांब टोकांच्या कॉलरचे, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या तऱ्हेचे. खांद्यात, बाहीत, गळ्यात अचूक बसतात. पुढच्या खोलीत भिंतीवर एक रिकामा खिळा आहे आणि त्याखाली चौकोनी फिकट डाग, तसबीर काढल्यावर राहतो तसा. कोणाची तसबीर होती, असे विचारल्यावर शेठ म्हणाले, देवाची.

पुढचे दार मी अद्याप उघडे पाहिलेले नाही. सर्वजण मागूनच ये-जा करतात.

१४ ऑगस्ट

काही निरीक्षणे एकत्र मांडतो.

शेठच्या पिंपळगावच्या मालाच्या शेडमध्ये गेलो असता टेम्पोवाले मला 'बहिरूभाऊ' म्हणाले. त्यातला एक, चिमाजी, म्हणाला, सायब होऊन आला, ओळख इसरला जनू! मी त्याला आयुष्यात प्रथमच पाहत होतो. शेडमधला कुत्रा माझ्या पायाशी येऊन लोळला.

काल वीज गेली. काकूंनी कंदील मागितला. मी उठून जिन्याखालच्या फळीमागे हात घातला आणि कंदील काढून दिला. तो तेथे असतो, हे मला कोणीही सांगितलेले नव्हते.

याची दोन स्पष्टीकरणे संभवतात. एक: या घरी बहिरू नावाचा मुलगा होता आणि शेठ सर्वांना शिकवून माझ्याकडून त्याची भूमिका करवून घेत आहेत. टेम्पोवाल्याला शिकवता येते. कुत्र्याचे मी अधिक खोलात जात नाही. दोन: कंदिलाची जागा मी पूर्वी कधी तरी पाहिली असावी आणि विसरलो असावा. दुसरे स्पष्टीकरण मी स्वीकारतो, परंतु शेठवर लक्ष ठेवणार आहे.

१२ सप्टेंबर

गणपती बसले. घरापासून दूरचा माझा पहिला गणपती. आमच्या गावी सगळे उसाच्या वाटेने मिरवत समुद्रावर जातात, मागून क्रिओल बोलणारी पोरेही 'मोरया' ओरडतात. आज आरतीला शेठनी मला पुढे उभे केले. मी ठरवून आमच्या बेटावरच्या चालीत सुरुवात केली, आईने शिकवली त्या चालीत.

दुसऱ्या ओळीला गळा आपोआप येथल्या चालीवर गेला. मी थांबलो, पुन्हा सुरू केले. पुन्हा तेच. आईची चाल मला आठवत नाही. काल आठवत होती.

काकू टाळ्या वाजवता वाजवता रडत होत्या.

९ ऑक्टोबर

शेजारच्या वसाहतीत विमलाबाई राहतात. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका आहेत. बौद्ध कुटुंब, घरात पुस्तके पुष्कळ. माझ्या बोलण्याला हसत नाहीत, म्हणून मी त्यांच्याकडे जातो. आज मी त्यांना तुपाच्या स्नानाची ती सुंदर रीत समजावून सांगू लागलो. त्यांच्या हातातला चहाचा कप खाली ठेवला गेला.

त्यांनी मला मध्येच थांबवून विचारले, की भाऊ, तुम्हाला हे सगळं माहीत असून तुम्ही तिथं राहताय? मग जे सांगितले ते जसेच्या तसे लिहितो.

बहिरू हा पुंजारामशेठचा एकुलता मुलगा. चोविसाव्या वर्षी शिकायला विलायतेला गेला. वर्षभर पत्रे आली, मग थांबली. तेथे तो फार एकटा पडला होता, भाषा येत नव्हती, एवढेच मागाहून कळले. बारा वर्षे वाट पाहून गेल्या वर्षी शेठनी त्याची दर्भाची आकृती करून नदीवर अग्नी दिला. ती आकृती पुढच्या दाराने बाहेर काढली. त्या दिवसापासून ते दार बंद. आतून नवी लोखंडी कडी ठोकली, तिचे ठोके वसाहतीत सर्वांनी ऐकले.

आणि क्रियाकर्म झालेला माणूस जर जिवंत परत आला, तर त्याला पुढच्या दाराने घेत नाहीत. तो मेलेलाच असतो. त्याला मागून आणतात, गर्भात असल्यासारखा पाण्यात बसवतात आणि त्याचा पुन्हा जन्म करतात. जातकर्म, बारसे, सगळे.

समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त ते नव्हतेच. आणि मी मुठी मिटून बसलो होतो. उत्साहाने.

१० ऑक्टोबर

शेठना सरळ विचारले. त्यांनी नाकारले नाही. म्हणाले, तिनं हाय खाल्ली होती, अन्न सोडलं होतं, रावजी म्हणाला समुद्रापलीकडून पोरगा आलाय, त्याच वयाचा, त्याचं इथं कुणी नाय. दोन वर्षं तिला आई म्हणालास तर तुझं काय जातंय?

मी म्हणालो की माझे कोणी नाही असे नाही. माझी आई आहे. ते म्हणाले, हाय ना. आत भाकऱ्या करू ऱ्हायली.

मी उद्याच घर सोडणार.

१५ ऑक्टोबर

वसतिगृहात एक खाट मिळाली. खोलीत तीन मुले आहेत, मोठ्याने हसतात. मोकळे वाटले. खबरदारी म्हणून यापुढे प्रत्येक नोंदीच्या आरंभी पुढील मजकूर लिहीत जाईन: मी देवानंद भिवाजी. गाव कॅस्कॅव्हेल. आई मथुरा. धाकटी बहीण सरोजिनी. माघात आई येणार.

मागून येणाऱ्यांसाठी: स्थानिक पालक निवडताना घरात तसबिरी किती आहेत ते मोजावे आणि खिळे किती आहेत तेही.

१९ ऑक्टोबर

मी देवानंद भिवाजी. गाव कॅस्कॅव्हेल. आई मथुरा. धाकटी बहीण सरोजिनी. माघात आई येणार.

आज व्याख्यान संपवून वसतिगृहाकडे निघालो. रस्ता ओळखीचा होता, मी एका शब्दाच्या व्युत्पत्तीचा विचार करीत चालत होतो. विचार संपला तेव्हा समोर ताट होते. बाजरीची भाकरी, ठेचा. काकू वारा घालीत होत्या. चपला मागच्या दाराशी काढलेल्या होत्या, टोके भिंतीकडे, माझी कधीच सवय नव्हती तशा.

मी संपूर्ण ताट संपवले होते.

२ नोव्हेंबर

मी देवानंद भिवाजी. गाव कॅस्कॅव्हेल. आई मथुरा. बहीण — स वरून आहे.

तीन वेळा वसतिगृहात परत गेलो. तिन्ही वेळा येथेच आलो. शेवटच्या वेळी विमलाबाई मला हाताला धरून नेत होत्या. त्या म्हणतात, मी वाटेत त्यांचा हात झिडकारला आणि म्हणालो, सोडा बाई, आई वाट पाहती.

'पाहते' असे लिहायचे होते. पाहते.

२७ नोव्हेंबर

देवानंद भिवाजी. गाव उसाचे. समुद्र. आई मथुरा.

रावजींनी महाविद्यालयात एक पत्र हातात दिले. निळा कागद, परदेशी तिकीट. अक्षर सुरेख. वाचले. कोणी तरी बैठकेतल्या मुलांविषयी लिहिले होते, माघाची तिकिटे झाली म्हणून लिहिले होते. भला माणूस असावा. मग खाली सही पाहिली आणि — आईचे पत्र. माझ्या आईचे पत्र मी परक्याचे म्हणून वाचले.

रावजी दुसरीकडे पाहत होते. त्यांना सर्व ठाऊक आहे.

१८ डिसेंबर

देवानंद. आई म—

थंडी लय पडली. चंद्रभागाबाईंनी — काकूंनी — घोंगडी दिली. क्रिओलमध्ये घोंगडीला काय म्हणतात? पाण्याला काय म्हणतात? एक शब्द तरी. 'मो' म्हणजे माझा. मो. त्यापुढे काय होते —

विमलाबाई आल्या होत्या. अंगणातून हाक मारत होत्या, देवानंद, देवानंद. मी मळ्यात होतो. कोणाला हाक मारतात ते कळेना.

८ जानेवारी १९८४

आज घरात क्रिया झाली. बाबा म्हणाले, आपल्याकडं एक परगावचा पोरगा शिकायला ऱ्हायला होता, तो गेला बिचारा, इथं त्याचं कुणी नाय, आपणच केलं पाहिजे. गुरुजींनी दर्भाचा माणूस केला. त्याला एक चष्मा लावला, एक निळा सदरा घातला. चष्मा कुठं तरी पाहिलाय. मला आताशा जरा धूसर दिसतं.

पुढलं दार आज उघडलं. त्याला तिथून काढलं आणि कडी परत लावली. नदीवर पाणी मी सोडलं. गुरुजींनी नाव सांगितलं ते म्हणालो. लांबलचक नाव होतं. म्हणताना जीभ अडखळली.

आई म्हणाली, आता सगळं सरळ झालं. आता कुणी मागू येणार नाय.

पोरगा चांगला होता म्हणत्यात. लय बोलायचा.

२३ जानेवारी

ही वही कुणाची ते माहीत नाय. गादीखाली गावली. पहिली पानं लय शुद्ध लिहिलीत, वाचताना दमायला होतं. हाताला लिहायची सवय कशी लागली कोण जाणे. पेन धरलं की चालतं.

द्राक्षं भरली. यंदा माल चांगला हाय.

१२ फेब्रुवारी

पुढल्या दाराबाहेर कुणी म्हातारी उभी हाय. लांबची वाटती. संगं पिशवी, गळ्यात तुळशीची माळ. मराठी बोलती पण पोथी वाचल्यावानी. देवानंद भिवाजी येथे राहतो का, म्हणून इचारती.

बाबांनी खिडकीतून सांगितलं, तो पोरगा वारला, पौषात क्रिया केली. ती पायरीवरच बसली. रडंना. नुसती बसली.

आई म्हणती, बहिरू, तू मागंच थांब. पुढं जाऊ नको.

वाईट वाटलं. एवढ्या लांबून आली, पाणी तरी द्यावं. तांब्या घेतला. वही काखेतच हाय. पुढल्या खोलीत आलो. दार बंद. पलीकडं ती कायतरी म्हणू ऱ्हायली — आरतीच हाय, पण चाल निराळी. कुठली चाल ही. तांब्या खाली ठेवला, वही उघडली, का ते —

चाल थांबली. आता नाव घेती. मो ती-देव. मो ती —

मागून आई पळत येऊ ऱ्हायली. बहिरू, बहिरू, कडीला हात लावू नको रे —

या घरातली प्रत्येक वस्तू हाताला माहीत आहे. ही नवी कडी माहीत नाही. ही माझ्या हाताने कधीच उघडलेली नाही. माझ्या. आई, थांब, उठू नकोस, मी येथे आहे, मला फक्त एवढे समजू दे की ही कडी कोणत्या बाजूस —